रंगाचा पहिला हात

आमच्या घरात 'गन' हा शब्द माझ्या लहानपणी रोज उच्चारला जाई, आणि त्याचा बंदुकीशी काडीचाही संबंध नव्हता. अण्णा दापोडीला एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत रंगारी होते. 'आज दोन गाड्यांना गन मारली', 'गनचं नोझल तुंबलं', 'गन धुवायला टर्पेंटाइन पुरलं नाही' अशी वाक्ये संध्याकाळच्या चहाबरोबर कानांवर पडत. त्यांच्या नखांच्या कडांना एस.टी.चा लाल रंग कायमचा बसला होता. निवृत्तीनंतर तो जायला वर्ष लागले, आणि गेला तेव्हा आईला ते हात परके वाटले. पन्नाशीला टेकल्यावर, दापोडीपासून अर्धी पृथ्वी दूर, विस्कॉन्सिनमधल्या एका गराजमध्ये ही विद्या मला खरोखरीच्या बंदुकीवर वापरावी लागेल, असे कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

रायफल सॅव्हेज कंपनीची, ११० क्रमांकाच्या नमुन्याची. हा नमुना १९५८ साली बाजारात आला आणि थोड्याफार फरकाने आजही बनतो. बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. प्रत्येक गोळीमागे एकदा. काडतूस 'थर्टी-ऑट-सिक्स' म्हणजे ०.३० इंच व्यासाचे आणि १९०६ सालचे. अमेरिकी सैन्यासाठी घडवलेले आणि पुढे हरणांच्या वाट्याला आलेले. ती शेजारच्या आजोबांची. घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो; समोर मात्र पहिल्या नावाने हाक मारावी लागते, जे मला वीस वर्षांनंतरही जड जाते. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी ती आमच्या घरी आणून दिली. कायद्याने ती माझी, कुलूपही माझ्या तिजोरीचे; पण ती कुणासाठी दिली आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. चिरंजीव त्यांच्याच तालमीत तयार झालेले.

या राज्यात १ जानेवारी १९७३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना हवा असेल, तर आधी सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. माझा जन्म १९७४ चा. मुलगा बारा वर्षांचा असताना त्याच्याबरोबर मीही त्या वर्गात बसलो, बहुतेक बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींमध्ये एकटा टकला. चार नियम घोटून घेतले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा. निशाण काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा. वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवा. मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या. इतकी गंभीरपणे दुसरी दिली नसेन. आम्ही मांसाहारी आहोत, त्यामुळे अहिंसेचा सोवळा मुद्दा माझ्यापाशी नव्हता. दर रविवारी कोंबडी आणणाऱ्याला तो शोभतही नाही. माझी भीती निराळी होती आणि ती मी चार वर्षे कुणाला सांगितली नाही.

तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चिरंजिवांनी जाहीर केले, 'बाबा, मला ती रंगवायची आहे.'

रंगवायची म्हणजे मातकट, हिरवट, तपकिरी अशा ठिपक्याठिपक्यांची. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात या रंगांचे स्प्रेचे डबे फडताळभर मिळतात. एका डब्याला सात-आठ डॉलर. मला पहिल्यांदा आठवला तो तिचा दस्ता. अक्रोडाच्या लाकडाचा, आजोबांच्या गालाने आणि हातांनी गुळगुळीत झालेला. वार्निश पापुद्र्यांनी सुटले होते आणि तळघराच्या ओलीने नळीवर गंजाची पुरळ उठली होती हे खरे. परंतु अक्रोडावर मातकट इनॅमल मारायचे म्हणजे सागवानी देव्हाऱ्याला ऑइलपेंट फासण्यातलाच प्रकार. मी तसे म्हणालो. मुलगा म्हणाला, 'आजोबांना विचारलंय. ते म्हणाले, ती आता तुझी आहे.' यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. मी एवढेच म्हणालो की काम माझ्या पद्धतीने, म्हणजे अण्णांच्या पद्धतीने होईल.

अण्णांची पद्धत अशी की रंगाचे नाव शेवटी काढायचे. बसचा पत्रा आला की आधी धुणे, मग घासणे, मग खड्ड्यांत लांबी भरणे, पुन्हा घासणे, प्रायमरचा एक हात, पुन्हा घासणे. एवढे झाल्यावर गन मारायला लागणारा वेळ एकूण कामाच्या मानाने किरकोळ. नव्या पोरांना गनची घाई असे; अण्णा त्यांना आठवडा आठवडा पॉलिश पेपरवर ठेवत. मलाही एका मे महिन्यात त्यांनी घराच्या लोखंडी खिडक्यांवर असेच ठेवले होते आणि मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ बोललो होतो.

शनिवारी सकाळी गराजच्या फळीवर जुनी चादर अंथरली. काडतुसे घरात, वेगळ्या कुलपात. मुलाने बोल्ट उघडून आत पाहिले, मग करंगळी घालून चाचपले, मग मला पाहायला लावले. मग बोल्ट काढून बाजूला ठेवला. बोल्ट नसलेली रायफल म्हणजे लाकडात बसवलेला लोखंडी पाइप, हे मला कळते. तरी मी तिच्या तोंडासमोरून जाताना वळसा घालत होतो आणि तोही घालत होता. दुर्बीण उतरवली. खालचे स्क्रू सोडवले आणि नळी लाकडातून उचलली. आतली खाच, जिथे इतकी वर्षे उजेड पोचला नव्हता, ती नव्यासारखी लालसर होती.

गंजाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यात एक गंमत आहे. बंदुकीच्या नळीला जी काळसर निळी झाक असते ती रंगाची नसते. ती एका अर्थी गंजाचीच असते. लोखंडावर तांबडा ऑक्साइड आला की तो पोखरत जातो. पण क्षारांच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर काळा ऑक्साइड मुद्दाम आणला, तर तो घट्ट बसतो, तेल धरून ठेवतो आणि तांबड्याला काही काळ थोपवतो. म्हणजे वाईट गंज अडवण्यासाठी बरा गंज. आम्ही तेलाचा थेंब टाकून अगदी मऊ पोलादी लोकरीने पुरळ घासली. तांबडे गेले, काळे बहुतेक ठिकाणी राहिले.

दस्त्याला टोचे होते. लांबी भरायला निघालो तर मुलाने थांबवले आणि ओला फडका ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि टोचा वर येतो. दोन-तीन वेळा केल्यावर बहुतेक खड्डे जवळजवळ नाहीसे झाले. अण्णांचे आयुष्य पत्र्यात गेले. हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता आणि ते असते तर त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिला असता. मग वार्निश खरवडणे, आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपर. अक्रोडाचा भुसा नाकात गेला की कडवट वास येतो. मास्क लावूनही तो येत होता.

मग तेल काढणे. सगळी मेख इथे आहे. बंदूक आयुष्यभर तेलावर जगते, आणि रंग तेलावर बसत नाही. बोटाचा ठसा राहिला तरी त्या जागी रंग महिनाभरात सुटतो. म्हणून हातमोजे घालायचे, अ‍ॅसिटोनचा फडका फिरवायचा, फडका काळा झाला की बदलायचा, आणि पांढरा पांढराच राहीपर्यंत हे चालू ठेवायचे. गराजचे दार उघडे, पाणी तापवायच्या बंबाचा गॅस बंद, कारण अ‍ॅसिटोनच्या वाफेला ठिणगी पुरते. पुसून झालेली नळी तारेने छताला टांगली आणि तिला उघड्या हाताने शिवायचे नाही असे ठरले.

त्यानंतर टेप लावायची. जिथे रंग नको ते सगळे झाकायचे: नळीच्या तोंडात फोमचा कानातला बोळा, मागच्या बाजूला काडतुसाची जागा, चाप, सेफ्टी, बोल्ट ज्या खाचेतून सरकतो ती खाच. रंगाचा पातळसा थरसुद्धा तिथे गेला तर चालणारे भाग अडखळतात. आणि क्रमांक. प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक कोरलेला असतो. तो खोडलेली, घासलेली बंदूक नुसती जवळ बाळगणे हा इथे केंद्रीय गुन्हा आहे. रंगाने झाकला गेला म्हणजे खोडला असे नव्हे. परंतु आम्ही दोघांनीही न बोलता तिथे सर्वांत जास्त वेळ घालवला. मुलाने टेपचा तुकडा ब्लेडने कापून अंकांवर नेमका बसवला आणि कडा दातकोरणीने दाबल्या.

माझ्या तोंडून ते तेव्हा निघून गेले. मी म्हणालो, 'हरणाला हे ठिपके दिसत नाहीत, तुला माहीत आहे. मग कुणासाठी रंगवतोस?'

हरणाच्या डोळ्यांत तांबडा रंग टिपणारी पेशी नसते. म्हणून शिकारी झगझगीत नारिंगी कोट घालतात. माणसांना तो मैलावरून दिसतो आणि हरणाला झाडोऱ्यात मिसळलेला भासतो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात कमरेवरचे निम्मे तरी कपडे त्या रंगाचे असावे लागतात. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो, पण गुलाबी घातलेला पुरुष शिकारी मी अजून पाहिलेला नाही. असा नारिंगी कोट घालायचा आणि हातात लपणारी बंदूक घ्यायची, यातला विनोद त्यालाही कळत होता. तरी तो हसला नाही.

मी पुढे बोलत राहिलो. मी या राज्यात २००४ च्या ऑगस्टमध्ये आलो. त्याच नोव्हेंबरात सॉयर परगण्यात एका हमोंग शिकाऱ्याचा, दुसऱ्याच्या जमिनीतल्या मचाणावर बसल्यावरून, गोऱ्या शिकाऱ्यांशी वाद झाला. आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या असे त्याने पुढे सांगितले. त्याने आठ जणांवर गोळ्या झाडल्या, त्यांतले सहा मेले. नंतरचे कित्येक आठवडे दुकानांत, पेट्रोलपंपावर माझ्याकडे लोक जरा जास्त वेळ पाहत, किंवा मला तसे वाटे. मी हमोंग नाही, पण त्या दिवसांत हे कुणाला समजावून सांगणार? २००७ च्या जानेवारीत मॅरिनेट परगण्यात खारींच्या शिकारीला गेलेल्या दुसऱ्या एका हमोंग माणसाला एका गोऱ्या शिकाऱ्याने जंगलात ठार मारले. २०१४ मध्ये क्लीव्हलंडच्या बागेत टमिर राइस नावाचा बारा वर्षांचा काळा मुलगा खेळण्यातल्या पिस्तुलासह होता. खेळणे आहे हे ओळखण्यासाठी टोकाला जो नारिंगी तुकडा असतो तो त्याच्या पिस्तुलावर नव्हता. पोलिसांची गाडी आली आणि दोन-तीन सेकंदांत गोळी सुटली. हे सगळे मी एका दमात सांगितले, हातात टेपची रीळ धरून. लाकडी दस्त्याची बंदूक पाहून लोकांना कुणाचे तरी आजोबा आठवतात, असे मी म्हणालो. ही ठिपक्यांची पाहिली की सैन्य आठवेल, आणि धरणारा तू असशील.

तो बराच वेळ टेप दाबत राहिला. मग मराठीत, जी तो अडचणीच्या वेळीच अशी सलग बोलतो, म्हणाला, 'बाबा, गेल्या वर्षी एक माणूस आला होता.'

गेल्या हंगामात तो मित्राच्या कुटुंबाबरोबर त्यांच्या चाळीस एकरांत गेला होता. पंधरा वर्षांचा होता. मित्राचे वडील तीनशे पावलांवर, हा एकटा मचाणाखाली. शेजारच्या जमिनीतला माणूस कुंपणापाशी आला. इथे कुणी बसवलं, विचारलं. याने सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग त्या माणसाने रायफलीकडे पाहिले आणि विचारले, 'ही कुणाची आहे? ही तुझ्यासारख्याची नाही. कुठून आणलीस?' मुलाने बोल्ट उघडून ती जमिनीवर ठेवली आणि हात दिसतील असे धरून उभा राहिला, मित्राचे वडील येईपर्यंत. एवढेच झाले. माणूस पुटपुटत निघून गेला. मित्राच्या वडिलांनी घरी सांगू का असे विचारले, तेव्हा हा नको म्हणाला.

'जुनी, लाकडाची, चांगली होती ना, म्हणून,' तो म्हणाला. 'चोरलेली वाटली. माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या अशाच असतात, प्लॅस्टिकच्या, रंगवलेल्या. कुणी विचारत नाही कुठून आणली.'

मी आजवर हे कुणाला सांगितलेले नाही, पण त्या क्षणी मला त्या कुंपणापाशी आलेल्या माणसाचा राग आला नाही. तो नंतर आला, रात्री, आणि अजून आहे. तेव्हा मला फक्त हात धरून उभा असलेला मुलगा दिसत होता आणि त्याने हे वर्षभर एकट्याने बाळगले, हे. मी त्याला लाकूड वाचवायला सांगत होतो आणि तो लाकडामुळेच अडचणीत आला होता. माझी भीती आणि त्याची भीती एकच होती; औषधे मात्र आम्ही उलटी काढली होती.

मी म्हणालो, 'डबे गरम पाण्यात ठेव.'

कोमट म्हणायचे होते. हवा बारा-तेरा अंशांची होती. थंड डब्यातून रंग थेंबाथेंबांनी येतो. कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवला आणि दोन मिनिटे हलवला की फवारा बारीक होतो. जास्त तापवला तर डबाच फुटतो. प्रायमरचा पहिला हात मी मारला. दहा-बारा इंच अंतर, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, हात थांबवायचा नाही. मनगट नव्हे, पूर्ण खांदा हलला पाहिजे, असे अण्णा म्हणत. पहिल्या हाताने झाकायचे नसते, नुसते धुके बसवायचे असते. दुसरा हात मुलाने मारला आणि कुठल्याही शिकाऊ पोराप्रमाणे एका जागी रेंगाळला. दस्त्याच्या पोटावर रंगाचा ओघळ आला. त्याने बोटाने पुसायला हात नेला, मी ओरडलो. ओला ओघळ पुसला की जखम होते. वाळू द्यायचा, मग घासायचा, मग त्या जागेपुरता पुन्हा हात.

'आजोबांनी' (माझे वडील, त्याच्या बोलण्यात आजोबा दोन आहेत आणि संदर्भाने ओळखावे लागतात) 'लाल रंगच का दिला सगळ्या बसना?' त्याने विचारले.

मला खरे कारण ठाऊक नव्हते. मी सांगितले की घाटात धुक्यातून येणारी गाडी लांबून दिसायला हवी. अण्णा असेच सांगत.

ठिपक्यांसाठी त्याने परसातले वाळके गवत तोडून आणले. मातकट थर वाळल्यावर गवताच्या काड्या नळीवर आडव्यातिडव्या धरायच्या आणि वरून हिरवट, मग तपकिरी, हलका फवारा. काड्या उचलल्या की त्यांची सावली राहते. आईचे रांगोळीचे छाप मला आठवले. हे काम त्याने एकट्याने केले आणि ते चांगले झाले, हे मला कबूल केले पाहिजे.

तो दसऱ्याचा दिवस होता, १२ ऑक्टोबर. खंडेनवमी-दसऱ्याला दापोडीच्या कार्यशाळेत गाड्यांना झेंडूच्या माळा लागत आणि अण्णा आपली गन टर्पेंटाइनने स्वच्छ धुऊन, तेलाचे बोट लावून, पाट मांडून त्यावर ठेवत. आमच्याकडे देवापुढे मुलाची पुस्तके, माझा लॅपटॉप, हिचा स्टेथोस्कोप मांडला होता. दुपारी ही कुंकवाचा करंडा घेऊन गराजमध्ये आली. बंदूक घरात आणण्याला तिचा गेली चार वर्षे विरोध होता. पण शस्त्र घरात आहे आणि दसऱ्याला त्याला कुंकू लागले नाही, हे तिला त्याहून सहन होईना. मी आणि मुलगा एकदम ओरडलो, 'हात लावू नकोस!' तिच्या बोटाला हळद होती, गजराच्या करंज्यांचे तूप होते. ती थबकली. आम्ही दोघे हातमोजे घातलेले, तोंडावर मास्क, आणि मध्ये छताला टांगलेली ती. मुलाने तिला तेलाचे सांगितले. कुंपणापाशी आलेल्या माणसाचे मी तिला रात्री सांगितले. तेव्हा तिला काही माहीत नव्हते. तरी तिने इकडेतिकडे पाहिले, दाराशी खुंटीवर त्याचा नारिंगी कोट होता, त्याच्या कॉलरला आतून हळदकुंकवाची बोटे लावली आणि आत गेली.

इनॅमल तासाभरात हाताला कोरडे लागते, पण पुरते घट्ट व्हायला आठवडा घेते. त्याआधी तेल लागले तर मऊ पडते. पुढच्या शनिवारी टेप काढली. क्रमांक स्वच्छ होता, निळ्या-काळ्या चौकटीत, आसपास सगळे मातकट. बोल्ट घातला तर एके ठिकाणी अडखळला. टेपखालून रंग केसभर आत सरकला होता. बांबूच्या काडीने तो खरवडण्यात एक तास गेला.

संध्याकाळी आजोबा काठी टेकत आले. त्यांनी बोल्ट उघडून आत पाहिले, बोटाने चाचपले, मग रायफल उजेडाकडे धरून क्रमांक पाहिला. दस्त्यावर जिथे त्यांचा गाल टेकत असे तिथे अंगठा फिरवला. अक्रोडाबद्दल ते काही बोलले नाहीत. दुर्बीण पुन्हा चढवली की निशाण नव्याने जुळवावे लागेल, वीस तरी काडतुसे आणा, एवढे म्हणाले.

निघताना त्यांनी मुलाला हंगामाच्या पहिल्या दिवसाबद्दल विचारले. थँक्सगिव्हिंगच्या आदला शनिवार, २३ नोव्हेंबर. त्याच चाळीस एकरांत का? तो हो म्हणाला. 'त्या कुंपणाच्या बाजूला रस्ता आहे,' आजोबा म्हणाले. 'मी ट्रक तिथे लावून बसतो. गुडघ्यांना बसायला काही होत नाही.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'तू पण ये. कॉफी आण. आणि टोपी नारिंगी हवी, तुझ्याकडे नसेल.'

माझ्याकडे नव्हती.